आजोबांच्या घड्याळात रेडियम परत भरून कुठे मिळेल? (बेळगाव)

खानापूरकर: लवकर सांगा. आजोबांचं मनगटी घड्याळ चालू आहे, पण अंधारात काटे चमकत नाहीत. खडेबाजारात एकाला दाखवलं, त्यानं हातसुद्धा लावला नाही. रविवारी वडिलांची पंचाहत्तरी, त्यांच्या हातात बांधायचंय. बेळगाव, कोल्हापूर कुठेही चालेल.

टिळकवाडी_७: होय की, नंबरप्लेटचं रेडियम कटिंग करणारे बारीक पट्ट्या कापून देतात. माझ्या बुलेटवरचं तीन पावसाळे टिकलंय.

कैगावाला: दादा, गाडीवर लावतात त्याला नुसतं नाव रेडियम. खानापूरकर, घड्याळ कुठल्या सालचं?

खानापूरकर: आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला. तेव्हाचं. पण त्याचा इथं काय संबंध?

कैगावाला: आहे. तेव्हाच्या लष्करी घड्याळांत खरं रेडियम असायचं. मेरी आणि पिएर क्युरींनी १८९८ मध्ये शोधलेला किरणोत्सारी धातू. रंगात त्याचे क्षार आणि झिंक सल्फाइड. चमकायचं झिंक सल्फाइड, ते काही दशकांत निकामी होतं. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा काळ, १६०० वर्षं. म्हणजे चमक गेली तरी रेडियम जवळपास तेवढंच आहे. उघडू नका.

निपाणीकर: उगाच भीती घालू नका हो. माझ्या चुलत्यांनी असलंच घड्याळ चाळीस वर्षं वापरलं.

कैगावाला: काका, बंद घड्याळाचं नाही म्हणत मी. पूड पोटात किंवा छातीत गेली तर धोका. अमेरिकेत १९२० च्या सुमारास डायल रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी करायच्या. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, हाडांत जाऊन बसतं. कित्येकींचे जबडे सडले. काच शाबूत आहे ना?

निपाणीकर: मग तंबाखूत पोलोनियम-२१० हा किरणोत्सारी पदार्थ असतो, त्यावर कोण बोलणार? आमच्याकडे बायका दिवसभर विड्या वळतात.

शहापूरची_सून: काका, त्याचा वेगळा धागा काढा, मीही लिहीन. माझी आई विड्या वळायची. आधी काचेचं उत्तर येऊ दे.

खानापूरकर: काच तडकलीय. काल रात्री मीच उघडून टाचणीनं काट्यांवरचं पिवळट खरवडलं, नवीन नीट बसावं म्हणून. जेवणाच्या टेबलावर. मुलगी शेजारीच होती.

कैगावाला: मुलीला लांब ठेवा. झाडू नका, फुंकर मारू नका. ओल्या कागदानं पुसा, कागद आणि टाचणी पिशवीत बंद करा. हात साबणानं धुवा, नखांसकट. घड्याळ दोन पिशव्यांत, मग डब्यात. त्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो, म्हणून झोपायच्या खोलीत नको. कचऱ्यात टाकू नका, मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला मेल करा.

टिळकवाडी_७: डायलच बदलून घ्या की सरळ.

शहापूरची_सून: पुन्हा उघडायला सांगू नका! आजोबांचा वर्दीतला फोटो असेल तर तो मोठा करून द्या वडिलांना.

खानापूरकर: टेबल पुसलं, मुलीला आंघोळ घातली. तिनं बोटं तोंडात घातली का, कुणालाच आठवत नाही. डॉक्टरांना काय सांगू?

कैगावाला: रेडियमची पूड तोंडात गेल्याची शंका आहे, असं स्पष्ट सांगा. आजच जा. मुलीचं वय किती? आणि पूड किती निघाली होती, चिमूटभर की नुसता डाग?