मदत हवी आहे: गर्दीची धास्ती असताना लूव्र संग्रहालय कसे पाहावे?

नमस्कार.

येत्या मे महिन्यात लेकीकडे पॅरिसला तीन आठवडे राहण्याचा योग आहे. ती तिथे शिकते आणि माझ्यासाठी लूव्र संग्रहालयाचे तिकीट काढायचे तिने मोठ्या हौसेने ठरवले आहे. मी पुण्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षे चित्रकला शिकवली. मोनालिसाची जी छापील प्रत मी दरवर्षी आठवीच्या मुलांपुढे लावत असे, तिच्या चारही कोपऱ्यांची टाचण्यांनी चाळणी झाली आहे. त्यामुळे ‘आई, तुला तर जायलाच हवे’ हे तिचे म्हणणे रास्त आहे. अडचण माझी आहे आणि ती मी तिला अजून नीट सांगितलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी मुंबईत एक गाजलेले प्रदर्शन पाहायला गेले होते. दालन अरुंद होते, दिवे मंद होते आणि मार्ग एकेरी होता. ज्या दाराने आत शिरलो त्या दाराने परतायचे नाही, शेवटपर्यंत जाऊनच बाहेर पडायचे. आमच्या मागून शाळेची सहल आली. तिसऱ्या की चौथ्या काचपेटीपाशी छातीत धडधडू लागले, तळहातांना घाम सुटला, कानांना दडे बसल्यासारखे झाले आणि बोटांना मुंग्या आल्या. मी पेटीची लाकडी कड धरून उभी राहिले आणि समोरची माहितीपट्टी वाचू लागले. जेमतेम चार ओळींची ती पट्टी मी कितीतरी वेळा वाचली, पण ‘भाजलेली माती’ एवढ्या दोन शब्दांपलीकडे काही डोक्यात शिरेना. मागून ‘पुढे सरका, पुढे सरका’ चाललेच होते. बाहेर आल्यावर अर्धा तास पायरीवर बसून काढला. यजमानांना वाटले, ऊन लागले असेल. पुढे हृदयाची तपासणी करून घेतली, त्यात काही निघाले नाही. डॉक्टरांनी हा पॅनिक अटॅक असल्याचे सांगितले. तेव्हापासून मी एकाही प्रदर्शनाला गेलेले नाही. दर वेळी काही ना काही सबब सापडते.

गंमत अशी की दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तुळशीबागेत मी बिनधास्त फिरते. तिथे खांद्याला खांदा लागतो, पिशव्या अडकतात, तरी मला काही होत नाही. तिथे नकोसे झाले की कुठल्याही बोळातून सटकता येते, एखाद्या दुकानाच्या पायरीवर टेकता येते आणि आपल्याला धाप लागली तरी त्या गलक्यात कुणाचे लक्ष जात नाही. संग्रहालयात सगळे दबक्या आवाजात बोलतात, त्यामुळे स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येतो आणि आता सगळे आपल्याकडे वळून पाहणार असे वाटू लागते.

ज्यांनी लूव्र पाहिले आहे त्यांना विचारायचे आहे, की तिथे मधूनच बाहेर पडता येते का, बसायला जागा असते का, आणि मोनालिसाच्या दालनातली गर्दी नेमकी कशी असते. ज्यांना असाच त्रास आहे किंवा होता, त्यांनी काय केले हेही कळले तर बरे होईल. ‘मनाचा निग्रह करा’ हा सल्ला घरी भरपूर मिळाला आहे, तेवढा कृपया नको.

प्रतिसाद

ताई, मी पॅरिसमध्ये बारा वर्षे राहतो आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला लूव्र दाखवणे हा माझा जवळजवळ जोडधंदा झाला आहे. आधी अप्रिय ते सांगतो. २०२४ साली तिथे सुमारे ८७ लाख लोक आले. दिवसाला ३० हजारांची मर्यादा घातलेली आहे, पण त्यांतले बहुतेक जण एकाच दालनाकडे धावतात. चित्र ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे, शिवाय काचेआड आहे. समोर दोऱ्या लावून नागमोडी रांग केलेली असते. पुढे पोहोचल्यावर लोक फोन उंच धरतात आणि रखवालदार त्यांना हलवत राहतात. ही रांग तुम्हाला मुंबईची आठवण करून देईल, म्हणून तिच्यात शिरूच नका. दालन स्वतः मात्र प्रचंड आहे आणि छत खूप उंच आहे. बाजूने थोडे पुढे जाऊन तिरके पाहता येते. नाटकाला नेतात तशी छोटी दुर्बीण बरोबर ठेवलीत तर रांगेतल्या माणसापेक्षा अधिक निवांत पाहाल.

त्याच दालनात मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर इटालियन चित्रकार व्हेरोनेजेचे ‘काना येथील लग्न’ हे १५६३ सालचे चित्र आहे. ते जवळजवळ दहा मीटर रुंद आहे, लूव्रमधले सर्वांत मोठे चित्र आहे, आणि बहुतेक लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. तुम्ही उलटे उभे राहा. समोर शंभराहून अधिक माणसांची पंगत बसलेली दिसेल, पण त्यांतले कुणी धक्के देणार नाही. शेजारच्या लांबलचक ‘ग्रांद गालरी’त लिओनार्दोचीच आणखी चार चित्रे आहेत. ‘शिळांमधली कुमारी’ त्यांतलेच एक. मोनालिसाकडे निघालेली माणसे त्यांच्यावरून भराभर पुढे जातात, त्यामुळे तिथे खुशाल थांबता येते. चित्रकलेच्या शिक्षिकेने ती चार आधी पाहावीत असे माझे मत आहे.

वेळेबाबत सांगायचे तर मंगळवारी संग्रहालय बंद असते. बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते. वेळ ठरवून दिलेल्या तिकिटाने फक्त आत येणाऱ्यांवर बंधन येते, आतून निघणाऱ्यांवर येत नाही. सकाळी आलेला माणूस दुपारपर्यंत रेंगाळतो आणि अकरा ते तीनमध्ये सगळे साचते. म्हणून एक तर नऊची पहिली वेळ घ्या, नाही तर शुक्रवारी संध्याकाळी जा आणि मोनालिसा शेवटच्या तासासाठी ठेवा.

बाहेर पडता केव्हाही येते, पण त्याच तिकिटावर पुन्हा आत घेत नाहीत. म्हणून आतच विसाव्याची जागा हेरून ठेवावी. काचेच्या पिरॅमिडखालून तीन बाजूंना तीन विभाग फुटतात: दनों, स्यूली आणि रिशल्यू. मोनालिसा दनोंमध्ये आहे आणि पर्यटकांचा लोंढा तिकडेच वळतो. तुम्ही रिशल्यूत शिरा. तिथे ‘कूर मार्ली’ नावाचा काचेच्या छपराचा चौक आहे. भरपूर उजेड, आत झाडे, संगमरवरी घोड्यांचे उसळते पुतळे आणि बसायला जागा. माझ्या आत्याने तिथे पाऊण तास विणकाम केले होते. पिरॅमिडखालच्या सभागृहात मात्र थांबू नका. तिथे आवाज फार घुमतो आणि सगळ्या प्रवासात मला स्वतःला तीच जागा नकोशी होते.

प्रतिसाद

मोनालिसा पाहिलीच पाहिजे असे कुणी सांगितले आहे? १९११ च्या ऑगस्टमध्ये ती चोरीला गेली, तेव्हा भिंतीवरची रिकामी जागा पाहायला लोकांनी रांगा लावल्या होत्या. गर्दीला चित्र लागतेच असे नाही.

प्रतिसाद

वरचा प्रतिसाद वाचून हसू आले, तरी मला थोडे वेगळे सांगायचे आहे. मला हा त्रास सहा वर्षे होता. आधी मी नाट्यगृह सोडले, मग लग्नसमारंभ, मग बस. प्रत्येक वेळी टाळल्यावर इतके हायसे वाटायचे की पुढच्या वेळी टाळणे आणखी सोपे जायचे, आणि भीती मात्र जिथल्या तिथे राहायची. मानसोपचारतज्ज्ञांनी मला पायरीपायरीने उलट दिशेने नेले. तुमच्याकडे मेपर्यंत वेळ आहे. बाजीराव रस्त्यावरचे केळकर संग्रहालय सरावाला उत्तम आहे. जुन्या वाड्यासारखी बांधणी, अरुंद जिने आणि दिवे-अडकित्त्यांनी भरलेल्या काचपेट्या. म्हणजे तुम्हाला जे नको ते सगळे, पण घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पहिल्यांदा मंगळवारी सकाळी दहा मिनिटे जा. मग अर्धा तास. मग रविवारी, आणि शक्य तर शाळेची सहल आलेली असताना. धडधड सुरू झाली तर लगेच पळू नका. हा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत टिपेला पोहोचतो आणि मग आपोआप उतरू लागतो. तो उतरताना आपण तिथेच उभे होतो, हे शरीराला एकदा तरी कळावे लागते. बोटांना मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्यामुळे, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ दिला की त्या ओसरतात.

हे सगळे एकटीने करायला हवे असे नाही. पुण्यात समुपदेशक आहेत, आणि सुरुवातीला नुसते बोलायचे असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. आणि लेकीला आधी सांगा. भर दालनात समजावून सांगणे तुम्हाला जमणार नाही, तिलाही उमजणार नाही. मी आणि माझ्या भावाने एक खूण ठरवली होती: मी घड्याळ उजव्या हातात बांधले की काही न विचारता दोघांनी निघायचे. ती खूण मी दोनदाच वापरली.

धागालेखिकेचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल लेकीला फोनवर सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, ‘म्हणून तू माझ्या पदवीदानाला शेवटच्या रांगेत दारापाशी बसली होतीस?’ तिच्या हे लक्षात आले असेल असे मला वाटले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळचे तिकीट काढायचे ठरले आहे. आधी रिशल्यू, मग लिओनार्दोची चार चित्रे, आणि मोनालिसा जमली तर दुर्बिणीतून. केळकर संग्रहालयात परवा जाऊन आले. बारा मिनिटे थांबले, वरच्या मजल्यावर मात्र गेले नाही. एकच विचारायचे राहिले: व्हर्मीरचे ‘लेस विणणारी’ हे चित्र लूव्रमध्येच आहे ना? ते कुठल्या बाजूला येते?

प्रतिसाद

हो ताई, रिशल्यूमध्येच, दुसऱ्या मजल्यावर, डच चित्रांच्या दालनांत. चित्र २४ बाय २१ सेंटिमीटर आहे, म्हणजे तुमच्या मुलांच्या चित्रकलेच्या वहीच्या पानापेक्षाही लहान. एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसांना ते नीट पाहताच येत नाही. मात्र काही दालने ठरावीक वारी बंद असतात आणि त्याचे वेळापत्रक संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मिळते. शुक्रवारचे तिकीट काढण्याआधी ते लेकीला पाहायला सांगा.