नील यंगचा ‘हार्व्हेस्ट’ तुमच्याकडे कसा आला?

काल भाची गिटारवर त्यातले ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे गाणे बसवत होती आणि मला वसतिगृहातली ती कॅसेट आठवली, जिच्यावर कोणीतरी निळ्या शाईने फक्त ‘नील’ असे लिहिले होते. कॅनडाचा गायक-गीतकार नील यंग याचा १९७२ सालचा हा अल्बम मी १९८८ मध्ये ऐकला; पहिल्याच गाण्यात ड्रमचा ठोका इतका सावकाश पडत होता की टेपरेकॉर्डरचे सेल उतरले असावेत असे समजून मी ते बदलले. तुमचेही अनुभव लिहावेत.

घाटमाथा: सेल मीही बदलले असते! याच अल्बममधल्या ‘ओल्ड मॅन’ गाण्यात अमेरिकन गायक जेम्स टेलर बँजो वाजवतो हे वाचून माझ्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतला, टाइपरायटरसारख्या कळांचा आपला बेंजो उभा राहिला होता. तो निघाला सहा तारांचा, गिटारसारखा लावलेला.

रानवारा: मणक्याच्या दुखण्याने दोन महिने अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा हाच अल्बम रोज ऐकत असे. यंगची पाठही त्या काळात इतकी दुखत होती की त्याला पट्टा बांधावा लागे आणि जड इलेक्ट्रिक गिटार उभ्याने फार वेळ पेलवत नसे, म्हणून अकूस्टिक गिटारवर भर आला. मला मात्र दुखण्यातून एक ओळही सुचली नाही. पट्टा तेवढा कपाटात आहे.

धागाकर्ता: रानवारा, भरलेली बादली उचलू नका.

सांजवेळ: कंट्री गायक जॉनी कॅशच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी अमेरिकेतल्या नॅशव्हिलला गेलेला यंग तिथल्याच वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करतो, बेन कीथची आडवी ठेवून वाजवायची पेडल स्टील गिटार दूरवरून हाक आल्यासारखी वाजते, आणि मग अचानक लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा कशासाठी? ऑर्केस्ट्रा असलेले ‘अ मॅन नीड्स अ मेड’ लागले की मी कुकर लावायला उठते.

परदेशस्थ: यंगच्या रँचवर पूर्वीपासून राहणाऱ्या वयस्क राखणदाराला पाहून ‘ओल्ड मॅन’ सुचले, हे मला कॅलिफोर्नियात आल्यावर कळले. तोवर मी ते वडिलांना उद्देशून समजत होतो, आणि तसे सांगून त्यांना दोनदा ऐकवलेही होते. बाबांना त्यातला बँजो आवडला.

घाटमाथा: सांजवेळ, त्याच्या पाठोपाठच ‘हार्ट ऑफ गोल्ड’ आहे. चार मिनिटांत डाळ-तांदूळ धुऊन झाले पाहिजेत.