रोमानियाच्या आजीची सफरचंदाची प्लाचिंता करायची आहे, घरी ओव्हन नाही, कशी भाजू?

हिंगणघाटची_काकू
नमस्कार मंडळी. बेकिंगमधलं मला फार येत नाही, कुकरमध्ये दोनदा केक केला तेवढंच, पण हे मनापासून करायचं आहे म्हणून विचारून राहिली. मोठ्या दिरांचा मुलगा जर्मनीत असतो, त्याची बायको रोमानियाची, क्लुज शहराजवळच्या खेड्यातली. लग्न तिकडंच झालं, आता दिवाळीला दोघं पहिल्यांदा गावी येऊन राहिले. पोरगी लय गुणी, व्हिडिओ कॉलवर "काकू, जेवलात का" एवढं मराठीत विचारते. मागं मी म्हटलं, बाई, तुला माहेरचं काय खावंसं वाटतं, तर लगेच म्हणाली आजीच्या हातची सफरचंदाची प्लाचिंता, म्हणजे पिठात सफरचंदाचं सारण घालून भाजतात ती. तेव्हापासून डोक्यात आहे की ती आल्यावर पहिल्या सकाळी चहासोबत तिच्यासमोर हीच ठेवायची, आधी काही न सांगता.

पुतण्यानं गुपचूप आजीच्या वहीच्या पानाचा फोटो मागवला अन् मराठीत करून पाठवला. पण त्यात अडचणी आहेत. पाव किलो डुकराची चरबी लिहिली आहे, ती आमच्या घरात येणार नाही. "स्मिंतिना" म्हणून काही आहे २०० ग्रॅम, ते काय ते समजलं नाही. "अमोनिया एक चमचा", हे वाचून तर भीतीच वाटली. दोन अंड्यांचे पिवळे. दीडशे ग्रॅम साखर. दोन किलो आंबट सफरचंद, आणि आमच्या बाजारात तर सगळी गोडच मिळतात. अन् सगळ्यात मोठं म्हणजे पिठाचं मापच नाही, तिथं लिहिलंय "पीठ, मावेल तितकं". सासूबाई म्हणाल्या बरोबरच लिहिलंय की, मी पण तसंच सांगते. पण मला तर काही आकडा पायजे ना.

घरी गॅस आहे, मोठी जाड कढई आहे, अंगणात चूल आहे. ओटीजी, म्हणजे विजेचं छोटं ओव्हन, जावेचं आहे, ते आणता येईल. दिवाळीला तीन आठवडे आहेत, तोवर दोन-तीनदा करून पाहते.

मोर्शीकर
काकू, ओटीजीच्या भरवशावर राहू नका एवढं आधी सांगतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज किती असतं ते एकदा पाहून घ्या. आमच्याकडे रब्बीचं ओलित सुरू झालं की १७० वर येतं. ओव्हनची कॉइल २३० व्होल्टची असते आणि व्होल्टेज एवढं पडलं की उष्णता जवळपास निम्मीच मिळते, डायल १८० अंशांवर असली तरी आत १८० अंश होतच नाही किंवा व्हायला तासभर लागतो. मग पारी कडक व्हायच्या ऐवजी तूप सोडून बसते. करायचंच तर पहाटे करा.

आणि लिंबाची साल किसून टाकायला लिहिलं असेल तर त्याच्या जागी आमच्याकडचा संत्रा घ्या, वरची केशरी सालच तेवढी, आतलं पांढरं नको, ते कडू लागतं.

क्लुजहून_परत
काकू, मी चार वर्षं क्लुजला होते, नवऱ्याची नोकरी होती तिथं. घरमालकीणबाई दर शनिवारी ही करायच्या अन् जिन्यातच दालचिनीचा वास यायचा. तुमची पोस्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे नेटवर शोधताना घोळ होईल. प्लाचिंता हा शब्द लॅटिन प्लासेंटापासून आला, म्हणजे चपटी भाकर-पोळीसारखी वस्तू. रोमानियात त्या एकाच नावाखाली दहा प्रकार आहेत, तव्यावर तेलात केलेली चीजची, बटाट्याची, कोबीची. हंगेरियन लोकांनी हाच शब्द उचलला, त्यांची पालाचिंता म्हणजे पातळ घावन. तुमच्या आजीच्या कृतीत पिवळे अन् स्मिंतिना आहे म्हणजे ती ट्रेमधली दोन पाऱ्यांची, खाली एक पारी, मध्ये सफरचंद, वर एक पारी, चौकोनी तुकडे अन् वरून पिठीसाखर. तेच शोधा.

आता स्मिंतिना. हे आपल्या घरात रोज असतं. दुधावरची साय जमवून विरजण लावतो ना आपण लोण्यासाठी, घुसळायच्या आधीची ती आंबूस घट्ट साय, तीच स्मिंतिना. फार जुनी नको, दोन-तीन दिवसांची घ्या. बाजारातलं दही मात्र नको, त्यात पाणी जास्त अन् पारी चिवट होते.

चरबीऐवजी तूप. लोण्यात पाणी असतं, चरबीत नसतं, म्हणून चरबीला जवळचं तूपच. पण नुसत्या तुपानं पारी नानकटाईसारखी भुरभुरीत होते, उचलताना तुटते, म्हणून मी निम्मं तूप निम्मं लोणी घेते, लोणी दोन पाण्यांत धुतलेलं. दोन्ही घट्ट पायजे, पातळ केलेलं नाही.

अमोनियाला घाबरू नका, ते बेकरीतलं अमोनियम बायकार्बोनेट आहे, गरम झालं की वायू होऊन उडून जातं अन् मागं काही राहत नाही. तिकडच्या जुन्या आज्या तेच वापरतात. पण झाकलेल्या कढईत त्याचा वास कोंडतो, तुम्ही बेकिंग पावडरच घ्या.

अन् पीठ. "फाइना कित कुप्रिंदे" असं लिहितात ते, जेवढं पीठ ते ओलं आपल्यात घेईल तेवढं. साय कधी पातळ असते कधी घट्ट, मग आकडा कसा देणार. तरी तुमच्यासाठी नऊ इंची गोल डब्याचं माप देते, आजीच्या निम्मं आहे: तूप-लोणी मिळून १२५ ग्रॅम, साय १००, पिठीसाखर ७५, एक पिवळा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, मैदा ३०० ग्रॅम बाजूला काढा पण शेवटची मूठ हातातच ठेवा. गोळा हाताला चिकटायचा थांबला अन् अंगठा दाबल्यावर कडेला तडा गेला नाही की तिथंच थांबा. मळायचं नाही हं कणकेसारखं, नुसतं गोळा करायचं. मग ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर फ्रिजमध्ये, फ्रिज नसेल तर डब्यात घालून माठाच्या ओल्या वाळूत ठेवा.

सफरचंदं एक किलो, किसून. आंबट नाही मिळाली तर एक लिंबू पिळा. तिकडे योनातान नावाचं लहान आंबटगोड सफरचंद यासाठी घेतात, आपल्या लाल मऊ सफरचंदात तो आंबटपणा नाही. साखर त्यामुळं कमी, ६० ग्रॅम पुरे. दालचिनी एक चमचा.

आर्णीची_सुगरण
वरचं सगळं बरोबर पण सफरचंदाचं पाणी कोणी बोललंच नाही, आणि ही बिघडते ती तिथंच. कीस तसाच घातला तर खालची पारी कच्ची लापशी होते, मी स्वतः तीनदा फेकली आहे. कीस साखर लावून अर्धा तास ठेवा, मग मूठ-मूठ करून पिळा, निघालेला रस मुलांना द्या. आणि खालच्या पारीवर दोन चमचे भाजलेला रवा पसरा, तो उरलेलं पाणी पिऊन घेतो.

क्लुजहून_परत
ताई, रवा तर तिकडेही घालतात, "ग्रिश" म्हणतात, नाहीतर टोस्टचा चुरा. पण पिळण्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. पिळलं की चवच रसात निघून जाते. आमच्या घरमालकीणबाई कीस पातेल्यात साखर घालून परतायच्या, पाणी आटेपर्यंत, गाजर हलव्यासारखं. कडेनं सुटायला लागलं की उतरवायचं, दालचिनी तेव्हा घालायची आणि पूर्ण गार करायचं. गरम सारण पारीवर टाकलं की तूप वितळलंच म्हणून समजा.

आर्णीची_सुगरण
आमच्या सफरचंदांना परतलं तर जॅम होतो, कीसच राहत नाही. काश्मीरचं ताजं असेल तर जमेल तुमचं, कोल्ड स्टोरेजमधलं पिठूळ असेल तर पिळलेलंच बरं. काकूंनी दोन्ही करून पाहावं.

भट्टीवाला_वणी
काकू, एवढा इचार काऊन करून राहिल्या? तालुक्याले लाकडाची भट्टी असन ना तुमच्या. दिवाईच्या आंधी सगऱ्या बाया मैदा, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजाले येतेच, तसाच तुमचा डबा घेऊन जा. पण येळ पाह्यजा. पाव निघाल्यावर लगेच नोको, तवा भट्टी लय तापेल रायते, वरून जयते अन् आतून कच्चं. पाव निघाल्यावर पाऊण-एक घंटा जाऊ द्या, नानकटाई लागते तवाचाच ताव तुमच्या कामाचा. आमी भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा फेकतो, झटकन काया पडला तं थांबा, हळूहळू बदामी झाला तं लावा. चाळीस मिनिटं धरजा. अन् वरच्या पारीले काट्यानं टोचजा, वाफ निघाले जागा पायजे, नाई तं फुगून फाटते.

भट्टी नसन तं घरी रोडग्यावाणी करा, आरात म्हंजे निखाऱ्यात कणकेचे गोये भाजते तसं. कढईत बोटभर वाळू, त्याच्यावर स्टँड, स्टँडवर डबा. वर जाड झाकण, अन् झाकणावर गोवऱ्यांचा आर. खालून गॅस एकदम बारीक. नुसता खालून जाळ देल्ला तं वरची पारी पांढरीच रायते, मग लोकं म्हणते कढईत होत नाई. होते, वरून आर पायजे.

क्लुजहून_परत
दादा, हे वाचून अंगावर काटा आला. दक्षिण रोमानियात अगदी हेच करतात. मातीचं नाहीतर लोखंडाचं मोठं झाकण असतं, त्याला "त्सेस्त" म्हणतात, आधी ते तापवायचं, खाली भाकरी किंवा प्लाचिंता ठेवून वर झाकायचं आणि त्यावर निखारे. तुमच्या रोडग्याची सख्खी बहीणच आहे ती.

हिंगणघाटची_काकू
सगळ्यांचे खूप आभार, वहीत सगळं उतरवून घेतलं. एक राहिलं. सासूबाई अंडं खात नाहीत, अन् सून पहिल्यांदा घरी आली, तिच्या माहेरचं काही केलं आणि घरच्या मोठ्यांनी हात लावला नाही तर तिला कसं वाटेल. पिवळ्याशिवाय होतं का?

क्लुजहून_परत
होतं, आणि तेही आजीच्याच पद्धतीचं. तिकडचे ऑर्थोडॉक्स लोक नाताळाच्या आधी १५ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर उपास धरतात, त्यात अंडं, दूध, मांस काही चालत नाही, तेव्हा "दे पोस्त" म्हणजे उपासाची प्लाचिंता करतात. एक वाटी तेल, एक वाटी साधा सोडा, बाटलीतला, बेकिंग पावडर अन् मावेल तितकं पीठ. पारी जरा कडक होते पण छान लागते. पण तुमच्याकडे तूप-साय चालतंच ना, मग नुसता पिवळा काढा आणि साय एक मोठा चमचा वाढवा. तेवढ्यानं धरते.

हिंगणघाटची_काकू
मंडळी, दिवाळी झाली, सांगायचं राहून गेलं होतं, घरात पाहुणे होते.

पहिली खेप कढईत केली, अंगणातल्या आरावर. चव चांगली पण डाव्या अंगाला करपली, आर एका बाजूला जास्त पडला होता. दुसरी भट्टीत. सफरचंदं दोन्ही पद्धतीनं करून पाहिली, शेवटी अर्धं-अर्धं केलं, आधी हलकं पिळलं आणि मग दहा मिनिटं परतलं, लिंबू घालून. अंडं नाही घातलं. वरची पारी लाटण्यावर गुंडाळून डब्यावर सोडली, पुरणाची पोळी तव्यावर टाकतो तशी, तरी मधून फाटली. तिथं पिठाचा तुकडा लावून बोटानं दाबला, भाजल्यावर तो चांदीच्या नाण्याएवढा डाग दिसत होता. वरून संत्र्याच्या सालीच्या वासाची पिठीसाखर.

सकाळी ती चहाला आली, ओट्यावर डबा पाहिला. काही बोललीच नाही. वाकून वास घेतला, मग बोटानं तो जोड चाचपला आणि मला म्हणाली, आजीची पण इथंच फाटते. मग फोन लावला आजीला. म्हातारीनं स्क्रीनला नाक लावून पाहिली, अन् पहिला प्रश्न, गोल काऊन केली, कोपरे कोण खाणार? त्यांच्याकडे कोपऱ्याचा कडक तुकडा नातवंडांचा असतो म्हणे. सासूबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि आजीला कॅमेऱ्यात हात जोडून दाखवले. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, तरी दहा मिनिटं बोलत होत्या.

आता चौकोनी ट्रे घेतला तालुक्यातून, डिसेंबरात परत करणार, यावेळी पूर्ण मापाची.

मोर्शीकर
काकू, वाचून फार बरं वाटलं. भट्टीवाल्यानं घेतले किती?

हिंगणघाटची_काकू
वीस रुपये सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन त्याच्यासाठी चार तुकडे नेले तर पैसे वापस केले त्यानं, आणि म्हणाला पुढच्या वेळी पाव निघाल्यावर माझ्यासाठी पण एक डबा लावा, साहित्य मी देतो.