इंग्लंडमधल्या शेतघराच्या छताला एवढी काजळी कशी?

गोदाकाठी:
मागच्या महिन्यात लेकीकडे गेले होते. तिने वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटनचं संग्रहालय दाखवलं. ठिकठिकाणची जुनी घरं सोडवून तिथे माळावर पुन्हा उभी केलीत. त्यातलं ‘बेलीफ’ हे शेतकऱ्याचं घर १५व्या शतकातलं. मधल्या दालनात मान वर केली तर थेट आढ्यापर्यंत मोकळं, आणि वासे काळेकुट्ट. आमचे हे म्हणाले, आग लागली असणार. मला पटेना. अगदी आजीच्या चुलीवरचं छत! भिंतीही आपल्या कुडासारख्या, काड्या विणून वर माती थापलेली. जाणकारांनी सांगावं.

सागवानी:
ताई, तुमचंच बरोबर. त्या घराला धुराडंच नव्हतं. दालनाच्या मधोमध जमिनीवर जाळ, धूर छपरातून वाट काढेल तसा. वर माळा घातला असता तर माणसं गुदमरली असती. शेतकऱ्यांच्या घरात विटांची धुराडी आली ती बहुतेक १६व्या-१७व्या शतकात. मग अशा दालनांवर तक्तपोशी पडली, वर खोल्या निघाल्या. आजही तिकडे जुन्या घराचा माग काढायचा तर पोटमाळ्यावर चढून काजळी बघतात.

मी जुन्या नाशकात तीस वर्षं वाड्यांची सुतारकी केली. आम्ही सागवान चांगलं वाळवून घ्यायचो. ते लोक ओक ओलाच तासायचे. एका लाकडाचं तासलेलं टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं, आरपार लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड वाळताना पिळतं, म्हणून ती घरं वाकडीतिकडी दिसतात, पण सांधा सुटत नाही.

मखमलाबादकर:
एवढं घर हलवलं कसं?

सागवानी:
खुंट्या काढल्या की सांगाडा सुटतो. मूळ घर केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. बाउ बीचच्या जलाशयासाठी ती जागा गेली, म्हणून १९६८च्या सुमारास उतरवलं. तिकडचे सुतार जोडणीच्या लाकडांवर पटाशीने रोमन आकडे कोरायचे. आम्ही एक वाडा उतरवला तेव्हा खडूने नंबर टाकले होते. पहिल्या वळवात सगळे पुसले. पुढचे दोन महिने कुठली तुळई कुठल्या खणाची, हेच जुळवत बसलो.

गोदाकाठी:
ह्यांना वाचून दाखवलं. आता विचारतायत, खिडक्यांना काच का नव्हती?

सागवानी:
काच महाग. नुसते लाकडी गज आणि आतून झडपा. थंडीत झडप लावली की अंधार, उघडली की वारा. त्यात डोळ्यांत धूर. पाहुणे म्हणून बघायला छान आहे ते घर.