मदत हवी आहे : जाहिरात नेटवर्कची पत कशी सुधारायची?

नमस्कार मंडळी. आमचं छोटं जाहिरात नेटवर्क आहे. मराठी पाककृती, शेती, नोकरीविषयक साइटना जाहिराती पुरवतो. पण नेटवर्क म्हटलं की साइटमालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचंही खरंच आहे. 'डाउनलोड'चं खोटं बटण, आठवड्यात पोट उतरवणारं चूर्ण, असलं काहीबाही थालीपीठाच्या कृतीशेजारी झळकतं आणि शिव्या त्यांना बसतात.

ॲड्स डॉट टीएक्सटी (अधिकृत विक्रेत्यांची यादी, २०१७ पासूनची) लावून झालंय. पण त्यातून साइटवरची जाहिरातीची जागा कोण विकतंय एवढंच कळतं, जाहिरात कसली आहे ते नाही. पॉप-अपही बंद केले. (क्रोम २०१८ पासून अशा त्रासदायक जाहिराती दाखवणाऱ्या साइटवर जाहिरातीच अडवतो, त्यामुळे यात आमचा मोठेपणा काही नाही.)

मराठी मजकुराच्या जाहिराती तपासायला तुम्ही काय वापरता? आमची यंत्रणा इंग्रजी थाप पकडते, "गुडघेदुखी मुळापासून गायब" मात्र खुशाल सोडते. दुसरं, जाहिरातदार क्लिकवरच अडून बसलेत. चुकून अंगठा लागलेले क्लिक वजा केले की आकडा पडतो आणि ते दुसरीकडे जातात. खरा आकडा दाखवूनही गिऱ्हाईक टिकवलंय का कुणी? कसं?