पुरात मामाकडे ठेवलेलं आईचं सोनं आणि पैसे: कायद्याने ही 'ठेव' की 'उसने'? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीतलं आमचं घर पाण्याखाली जायला लागलं, तेव्हा आईने पाटल्या, मोहनमाळ आणि पत्रे बदलायला साठवलेले 1,20,000 रुपये जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून विट्याला धाकट्या मामाकडे ठेवायला दिले. चिठ्ठी-चपाटी काही नाही. सख्ख्या भावाकडून कोण पावती घेतं?

मध्ये एकदा तिने विचारलं, तेव्हा मामाने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला होता: "ताई, तुझी ठेव आहे तशी आहे." तो अजून आईच्या फोनमध्ये आहे. यंदा दिवाळीत तिने परत मागितलं, तर मामा म्हणतो, पाटल्या मोडल्या, अडचण होती. आणि पैसे तर तू उसने दिले होतेस, त्याला आता किती वर्षं झाली! पाटल्या कधी मोडल्या ते सांगत नाही. पोलिसांनी "घरगुती आहे, दिवाणी कोर्टात जा" म्हणून परत पाठवलं.

माझा मुख्य प्रश्न 'सोपवणं' या शब्दाचा आहे. नुसतं तोंडी दिलेलं सोपवणं धरतात का? आणि मुदत खरंच गेली का? आई त्या पाटल्या लग्नापासून हातात घालत होती. आता रिकाम्या मनगटावरून हात फिरवत बसते, ते बघवत नाही.

प्रतिसाद:
ताई, आधी तो निरोप जपा. फोन बदलू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. कोर्टात तो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागतं.

सोपवण्याला लेखी कागद लागतोच असं नाही. 'कोणत्याही रीतीने' सोपवलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे वापरली किंवा विकली, तर फौजदारी न्यासभंग होतो. पाटल्या 1 जुलै 2024 च्या आधी मोडल्या असतील तर जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम 406, नंतर मोडल्या असतील तर भारतीय न्याय संहितेचं 316. म्हणून ती तारीख महत्त्वाची. दोन्हीत गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तो नोंदवून तपास करू शकतात. दिवाणी दावाही सोबत चालू शकतो.

मामांचा 'उसने' हा शब्द मात्र साधा समजू नका. उसन्या पैशांची तीन वर्षं साधारणपणे दिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे ती संपली. मागताक्षणी परत द्यायच्या बोलीवर ठेवलेल्या पैशांची मागितल्यापासून. दागिन्यांची, मागून नकार मिळाल्यापासून. त्यामुळे त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलेला 'ठेव' हा शब्द तुमच्या फार कामाचा आहे. फक्त पहिल्यांदा विचारलं ती मागणी होती की नुसती चौकशी, हे वकिलांना नीट सांगा.

पाटल्यांची पावती, लग्नाचे फोटो शोधा. रजिस्टर पोचने नोटीस पाठवा. फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्ती:
खूप आभार. तेव्हा आईने परत मागितलं नव्हतं, "नीट आहे ना रे?" एवढंच विचारलं होतं. लग्नाचा अल्बम पुरात भिजला, पण मावशीकडच्या एका फोटोत पाटल्या स्पष्ट दिसतायत. सोमवारी प्राधिकरणात जातोय. आई अजून "माहेर तुटेल गं" म्हणते. नोटिशीत पोलिसांचा उल्लेख न करता आधी फक्त वस्तू मागितल्या, तर पुढे फौजदारी तक्रारीला अडचण येईल का?