पॉवर रूल पाठ आहे, तरी उत्तरं चुकतात

प्रश्न:
विकलन (म्हणजे आलेखाचा चढ काढणं) करताना पॉवर रूलने घातांक पुढे गुणायला घ्यायचा आणि घातातून १ वजा करायचा, एवढं पक्कं आहे. क्ष^७ चं ७क्ष^६ लगेच येतं (^ म्हणजे घात). पण या तिघांची उत्तरं पुस्तकाशी जुळत नाहीत:
१/(३क्ष^२) : माझं उत्तर १/(६क्ष)
(२क्ष+१)^३ : माझं उत्तर ३(२क्ष+१)^२
२^क्ष : माझं उत्तर क्ष·२^(क्ष−१)
नियम तर तोच लावलाय. चुकतंय कुठे?

तिरपी रेघ:
पहिल्यात तू छेदाचं विकलन करून ते छेदातच ठेवलंस. तसं चालत नाही. आधी क्ष वर आण: (१/३)·क्ष^(−२). इथे ३ जागचा हलवू नकोस. घात फक्त क्ष वर आहे, त्यामुळे ३क्ष^(−२) लिहिलंस की गणित तिथेच गेलं. आता −२ गुणायला घे आणि घातातून १ वजा कर: −२−१ = −३. (−१ लिहिणारे प्रत्येक वर्गात असतात.) उत्तर −२/(३क्ष^३).

ताळा करायची सवय लाव. क्ष = १ ला किंमत ०.३३३३, क्ष = १.०१ ला ०.३२६८. फरक सुमारे −०.००६६, त्याला ०.०१ ने भाग, −०.६६ च्या आसपास येतं. सूत्राने −०.६६७. तुझं उत्तर +०.१६७ सांगतं, म्हणजे उतरणारा आलेख चढतोय! चिन्ह बघूनच शंका यायला हवी होती.

सहगुणक:
दुसऱ्यात पाया नुसता क्ष नाही, २क्ष+१ आहे. क्ष जरासा सरकला की कंस दुप्पट सरकतो, तो २ गुणायचा राहिला. खात्री हवी तर कंस सोडवा: ८क्ष^३+१२क्ष^२+६क्ष+१. विकलन २४क्ष^२+२४क्ष+६, म्हणजे ६(२क्ष+१)^२. आतल्या कंसाचं विकलनही असं गुणायला घेण्याला चेन रूल म्हणतात. पाया क्ष+१ असता तर आतून १ च आला असता आणि चूक लपून गेली असती, म्हणून अशा सोप्या उदाहरणांवर सराव करून भागत नाही.

तिसऱ्यात पॉवर रूल लागूच होत नाही. त्याला चल (बदलणारी राशी, इथे क्ष) पायात आणि स्थिर संख्या घातात लागते, इथे नेमकं उलट आहे. क्ष = ० ला तुमचं सूत्र चढ ० देतं, पण २^० = १ आणि २^०.०१ = १.००७ च्या जवळ, म्हणजे चढ ०.७ च्या आसपास. खरं उत्तर २^क्ष × (२ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे ln २), आणि तो लॉग ०.६९३.

तिरपी रेघ:
यात आणखी एक फसवणूक असते. π^३ चं विकलन ३π^२ नाही, शून्य. π (पाय) हा आकडा आहे, चल नाही.

प्रश्नकर्ता:
मग क्ष√क्ष ला प्रॉडक्ट रूल (गुणाकाराच्या विकलनाचा नियम) लावावा लागेल का?

सहगुणक:
लावला तरी उत्तर तेच येईल, पण कशाला? √क्ष म्हणजे क्ष^(१/२), घातांची बेरीज १ + १/२ = ३/२, म्हणून क्ष^(३/२). विकलन (३/२)√क्ष. छेदात √क्ष असेल तर घात −१/२ धरा: ५/√क्ष चं −(५/२)क्ष^(−३/२) होईल. १ वजा करताना −१/२ चं +१/२ करू नका.